हेमिसला जाताय? सह्याद्रीच्या सवयी घरीच ठेवा

राजगड-तोरणा एका दिवसात उरकणारी माणसं लेहला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी डोकं धरून बसलेली मी पाहिली आहेत. दमसास कमी होता म्हणून नव्हे. दमसास आहे म्हणून ती थांबली नाहीत, एवढंच. विरळ हवेचा त्रास धडधाकट माणसालाही तितकाच होतो, आणि लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात होणाऱ्या निम्म्या चुकांचं मूळ इथेच आहे.

लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. हवेत ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 65 टक्के, त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्येच काढा. बाजारात रमतगमत फिरा, पाणी पीत राहा, दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. पुढे दर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंचावर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक पूर्ण विश्रांतीचा दिवस हवाच. डोकेदुखी, मळमळ, जेवणावरची वासना उडणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती असताना वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर रात्र असली तरी त्या माणसाला खाली उतरवा. सकाळपर्यंत वाट पाहणं ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

दुसरी चूक नकाशावरची. हेमिस गोम्पा, म्हणजे तिथला बौद्ध मठ, बघितला म्हणजे हेमिस उद्यान बघितलं, असं अनेकांना वाटतं. गोम्पा लेहच्या आग्नेयेला, गाडीने पोचण्यासारखा. उद्यान मात्र सिंधूच्या दक्षिणेला पसरलेलं आहे. 1981 साली स्थापन झालेलं आणि सुमारे 4,400 चौरस किलोमीटरचं हे देशातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान. बहुतेक लोक स्पितुककडून झिंगचेनला येतात आणि तिथून पायी रुंबक गावाला जातात. इथे जीप सफारी नाही. आत गावं आहेत, जवाची शेतं आहेत, माणसं राहतात.

आता पाण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण आपली सवय इथे उलटी पडते. सह्याद्रीत ओढा फुगतो तो पावसाने, म्हणून आकाश निरभ्र असलं की आपण निर्धास्त असतो. उद्यानातल्या मार्खा नदीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात नेमकं कडक ऊन पडलं की पाणी वाढतं. सकाळी बर्फ गोठलेला असतो, दुपारी तो वितळतो आणि पोटरीपर्यंतचं पाणी मांडीपर्यंत चढतं. सकाळी ज्या दगडावर उभं राहून मी बूट काढले होते, तो दुपारी शोधूनही सापडला नव्हता. त्याच्यावरून राखी, गढूळ पाणी धावत होतं. त्यामुळे नदी ओलांडायची ती सकाळी लवकर. अनवाणी नको, जुन्या सँडल घाला, सॅकचा कमरपट्टा सोडा आणि काठीचा आधार घ्या. दुपार झाली असेल तर अलीकडेच मुक्काम करा. कोंगमारू ला ही खिंड 5,200 मीटरच्या आसपास आहे. तिथेही भल्या पहाटे निघा.

रुंबकमध्ये होमस्टे आळीपाळीने दिले जातात. इंटरनेटवर वाचलेल्या ठरावीक घराचाच हट्ट धरू नका. पाळी मोडली की शेजारच्या घराचा हक्काचा पैसा जातो. हिमबिबट्या एकदा गोठ्यात शिरला तर एका रात्रीत अनेक शेळ्या-मेंढ्या मारतो. तरीही लोक त्याला सांभाळून घेतात, त्यामागे या उत्पन्नाचा मोठा वाटा आहे. संडास कोरडा असतो. त्यात पाणी ओतू नका, फावड्याने माती टाका. तेच पुढे शेताला खत होतं, म्हणून ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड त्यात अजिबात नकोत. पिशवीत घालून लेहला परत न्या. उरलेलं अन्नही बाहेर फेकू नका. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि मग तीच वन्यप्राण्यांच्या मागे लागतात. शेकोटीचा आग्रहही धरू नका. झाडं इथे मोजकीच, घरची चूल वाळलेल्या शेणावर चालते, आणि शुकपा, म्हणजे जुनिपर, हे झाड लडाखींसाठी पवित्र आहे.

बारीकसारीक गोष्टी: बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. थंडीत बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका.

हिमबिबट्यासाठी जायचं तर जानेवारी ते मार्च. 2024 मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार देशात अंदाजे 718 हिमबिबटे आहेत, त्यांतले 477 लडाखमध्ये. हे आकडे वाचून लोक तीन दिवसांची रजा काढून येतात आणि निराश होऊन परततात. आठ-दहा दिवस तरी ठेवा. ड्रोन नको, कडे चढून पाठलाग नको. एका जागी बसा आणि नापोंचा, म्हणजे भरल या रानमेंढ्यांचा, कळप शोधा. ते चरायचे थांबून सगळे एकाच दिशेला बघत उभे राहिले, तर दुर्बीण त्यांच्यावरून काढा आणि ते बघताहेत तिकडे लावा.