जोखीम नोंदवही: निरनिराळ्या नोंदींमागचे एकच मूळ कसे शोधावे

गोव्याच्या खाणपट्ट्यातील एखाद्या पतसंस्थेची २०१२ पूर्वीची कर्जखाती कशी असतील, याची कल्पना करावी. डिचोलीचा ट्रकमालक, सावर्ड्याचा टायरवाला, उसगावची खाणावळ आणि बार्जदुरुस्तीची कार्यशाळा, असे चार धंदे आणि चार वेगवेगळे जामीनदार; कागदावर कर्ज उत्तम विभागलेले. त्या वर्षी सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, आणि अशा चारही खात्यांचे हप्ते एकाच कारणाने अडण्याची वेळ आली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने खाणकामाच्या ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्याने मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. जोखीम नोंदवहीत, म्हणजे संस्थेपुढील धोक्यांच्या यादीत, सुट्या दिसणाऱ्या जोखमी प्रत्यक्षात एकदम येतात; म्हणून जोखीम व्यवस्थापन उभारताना त्यांचे समान मूळ शोधणे हेच मुख्य काम मानावे.

प्रारंभ उद्दिष्टांपासून करावा. आयएसओ ३१००० हे जोखीम व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक जोखमीची व्याख्या ‘उद्दिष्टांवर होणारा अनिश्चिततेचा परिणाम’ अशी करते, त्यामुळे ठेवीदाराला मागितल्या दिवशी पैसे देणे हे संस्थेचे उद्दिष्ट असेल, तर त्याच्या आड येणारी प्रत्येक गोष्ट नोंदीस पात्र ठरते. मात्र ‘पूर’ किंवा ‘सायबर हल्ला’ एवढे लिहून नोंद पुरी होत नाही. तिच्यात कारण, घटना आणि परिणाम हे तिन्ही हवेत: साखळी शहरात वाळवंटी नदीचे पाणी बाजारात शिरले, तर तळमजल्यावरील सर्व्हर बंद पडेल आणि तो सुरू होईपर्यंत ठेवी परत करता येणार नाहीत. असे वाक्य लिहिले की सर्व्हर वरच्या मजल्यावर का नाही, हा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारतोच.

नोंदी गोळा करताना केवळ संचालक मंडळाला विचारू नये. रोखपाल, शिपाई आणि विशेषतः पिग्मी एजंट (दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणारे) यांच्याशी स्वतंत्रपणे, वरिष्ठ समोर नसताना बोलावे आणि ‘गेल्या वर्षभरात कुठे थोडक्यात निभावले?’ एवढाच प्रश्न विचारावा. धोके कोणते, असे विचारल्यास पाठ केलेली उत्तरे मिळतात.

शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन गुणाकार करण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती वापरावी, पण तिच्यावर विसंबू नये. दरमहा होणारी किरकोळ चूक आणि क्वचितच येणारे, पण संस्था बुडवणारे संकट या दोन्ही नोंदींचा गुणाकार पाचच येतो (५×१ आणि १×५). यांतील दुसऱ्या, संस्था बुडवणाऱ्या संकटाकडे एकदा तरी शांतपणे बघावे.

यानंतर केवळ ‘कारण’ हा रकाना वेगळा काढून टेबलावर मांडावा आणि सारखी कारणे एकत्र करावीत. आपल्याकडे बहुधा वीज, पाऊस, खाण, पर्यटनाचा हंगाम, एकच सॉफ्टवेअर पुरवठादार आणि सगळे काही एकट्याला ठाऊक असलेला एक कर्मचारी, एवढीच मुळे निघतात. मी हिशेब पाहत असे त्या एका संस्थेत ‘वीज जाणे’ आणि ‘डिझेल न मिळणे’ अशा दोन नोंदी दोन अधिकाऱ्यांकडे होत्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात वीज गेली, जनरेटर व्यवस्थित सुरू झाला आणि संध्याकाळी पिंपातले डिझेल संपले. जवळच्या पेट्रोल पंपावर साठा होता, पण पंप चालवायला वीज नव्हती. दोन्ही नोंदी एका मुळाखाली आणल्या असत्या, तर साठा किती दिवसांचा ठेवायचा हा निर्णय आधीच झाला असता.

प्रत्येक मुळाला एक जबाबदार पद, एक पूर्वलक्षण आणि एक मर्यादा ठरवावी. जबाबदारी ‘समिती’कडे दिली की ती कोणाकडेच राहत नाही. पूर्वलक्षण मोजता येणारे असावे: उदाहरणार्थ, एखाद्या बाजारपेठेतील पिग्मीचा भरणा सलग दोन आठवडे नेहमीच्या तीन-चतुर्थांशाखाली गेला, तर तेथील नवी कर्जे थांबवून वसुली अधिकाऱ्याने खातेदारांना प्रत्यक्ष भेटावे. कर्जाचा हप्ता थकण्याआधी दुकानदार बहुधा पिग्मी चुकवतो, हे एजंटाला सर्वांत आधी कळते. मर्यादा म्हणजे एका मुळावर अवलंबून असलेल्या कर्जांचे एकूण कर्जातील कमाल प्रमाण. ते धंदा तेजीत असतानाच ठरावाने निश्चित करावे, कारण समोर ओळखीचा अर्जदार बसला असताना असा ठराव कोणी मांडत नाही.

विमा आवश्यक आहे, पण तो नंतर पैसे देतो, गेलेला दिवस परत देत नाही; शिवाय पुराविषयीच्या अटी पॉलिसीत स्वतः वाचाव्यात.

घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, बेगमी चालते त्याच मे महिन्यात, मिरगाच्या आधी, सर्व उपायांची चाचणी घ्यावी. जनरेटर नुसता सुरू करून बंद करू नये, तर मुख्य वीज तोडून संपूर्ण कार्यालय अर्धा दिवस त्यावर चालवावे. बॅकअप घेतला जातो एवढे न पाहता तो दुसऱ्या संगणकावर उघडून कालची शिल्लक जुळते का, हे तपासावे. चवथीची (गणेशचतुर्थीची) सुट्टी संपल्यावरच्या आढावा बैठकीत पहिला विषय असावा तो पावसाळ्यात घडलेल्या, पण नोंदवहीत नसलेल्या घटनांचा, आणि त्यांतील प्रत्येक घटना कोणत्या मुळाखाली जाते हे त्याच बैठकीत लिहून घ्यावे.