सेल काउंटर बंद पडला तरी टीसी-डीसी (पांढऱ्या पेशींची एकूण संख्या आणि त्यांचे प्रकार) निघतो: स्वस्तातली पण भरवशाची पद्धत

सेल काउंटरचं, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनचं, रिएजंट संपलं किंवा मशीन बंद पडलं की बऱ्याच छोट्या लॅबमध्ये पेशंटला सरळ "उद्या या" सांगतात. डेंग्यू-टायफॉइडच्या सीझनमध्ये डॉक्टर पांढऱ्या पेशी किती उतरल्यात तेच बघायला बसलेले असतात आणि इकडे मायक्रोस्कोप, न्यूबाउअर चेंबर (चौकोन आखलेली, पेशी मोजायची काच) सगळं कपाटात धूळ खात पडलेलं. डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, सगळ्यांनी केलेलं असतं हे, पण नंतर हात सुटतो. म्हणून लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, पैसे वाचवायचे तर स्टेनवर वाचवा, पिपेट आणि कव्हरस्लिपवर नको, कारण काउंट चुकतो तो रंगामुळे नाही, डायल्यूशन (रक्त पातळ करणं) आणि चार्जिंग (ते चेंबरमध्ये भरणं) यांमुळे.

आधी टर्क फ्लुइड. विकत घेऊ नका, घरचं बनतं. ग्लेशियल असिटिक ॲसिड २ मिली, १ टक्का जेन्शन व्हायलेट १ मिली, आणि डिस्टिल्ड वॉटर टाकून एकूण १०० मिली. ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचं, आणि बाटली नाकाशी नेऊ नका, ग्लेशियलचा वास डोक्यात जातो. ॲसिड लाल पेशी फोडतं, व्हायलेट पांढऱ्या पेशींच्या न्यूक्लियसला रंगवतं, बस, एवढंच काम आहे. कॉलेजच्या डेमोसाठी किराणा दुकानातलं ४ टक्क्यांचं बिनरंगी सिंथेटिक व्हिनेगर पाण्यात निम्मं केलं तरी २ टक्के होतं आणि चालतं, पण पेशंटच्या रिपोर्टला तो जुगाड करू नका. फ्लुइड महिनोन्महिने टिकतं, फक्त तळाशी गाळ किंवा बुरशी दिसली की गाळून घ्या, नाहीतर तो कचराच पेशी म्हणून मोजला जाईल.

आता डायल्यूशन. जुनी डब्ल्यूबीसी पिपेट, लाल मणी नाही पांढरा मणीवाली, तोंडाने ओढायची ती, ती आता सोडा. २० मायक्रोलिटर रक्त आणि ०.३८ मिली फ्लुइड म्हणजे झालं १:२०. मायक्रोपिपेट नसेल तर हिमोग्लोबिनची साहली पिपेट असतेच ना, तिच्यावरची खूण २० मायक्रोलिटरचीच असते, रबर बल्ब लावून ओढा. ०.३८ मिलीसाठी १ मिलीची ट्यूबरक्युलिन सिरिंज, तिच्यावर ०.०१ च्या रेघा असतात. रिकामा वेळ असेल तेव्हा २०-२५ छोट्या ट्यूबमध्ये ०.३८ भरून झाकण घट्ट लावून ठेवा, मग सकाळच्या गर्दीत फक्त रक्त टाकायचं. पिपेटचं टोक बाहेरून पुसायचं, आणि हे लोक हमखास विसरतात, बाहेर चिकटलेलं रक्तही आत जातं आणि काउंट फुगतो. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब आधी ८-१० वेळा हळू उलटीसुलटी करा. बोट टोचून घेत असाल तर बोट पिळू नका.

चेंबर. कव्हरस्लिप चेंबरचीच हवी, जाड. साधी स्लाइडवाली पातळ कव्हरस्लिप मधोमध वाकते आणि ०.१ मिमीची खोली कमी-जास्त होते, म्हणजे काउंट गेलाच. दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवर दाबून बसवली की तिरप्या उजेडात बारीक इंद्रधनुषी वलयं दिसतात, ती दिसली की बसली नीट. ५ मिनिटं फ्लुइडमध्ये ठेवलेलं सॅम्पल परत हलवा, पहिले दोन-तीन थेंब टाकून द्या आणि मग कडेला टेकवून एकदाच चार्ज करा. खड्ड्यात ओघळलं किंवा आत बुडबुडा राहिला तर पुसून परत, वर अजून थेंब टाकून भागवू नका. २-३ मिनिटं ओल्या टिश्यूवर पेट्री डिशखाली झाकून ठेवा, उन्हाळ्यात पंख्याखाली कडा पटकन सुकते.

१०एक्स लेन्स, कंडेन्सर खाली, उजेड कमी. चार कोपऱ्यांचे चार मोठे चौकोन मोजायचे, प्रत्येकात १६ छोटे. वरच्या आणि डाव्या रेघेला टेकलेली पेशी घ्यायची, खालच्या-उजव्या रेघेवरची सोडायची. समजा ३१, २८, ३४, २९ आले, बेरीज १२२, गुणिले ५०, म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात ६१००. एका चौकोनात १८ आणि दुसऱ्यात ४० आले तर गुणाकार करत बसू नका, चार्जिंग बिघडलंय. मोबाइल आयपीसला धरून चारही चौकोनांचे फोटो काढले तर फोटोवर बोटाने टिंब देत मोजता येतं, आणि शंका आली तर दुसऱ्याकडून तेच फोटो परत मोजून घेता येतात, हे मला फार सोयीचं वाटतं.

एक लक्षात ठेवा, साधारण १०० पेशी मोजल्या तर निव्वळ योगायोगानेच २० टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणून ३००० च्या खालचा काउंट वाटला तर चेंबरच्या दोन्ही बाजूंचे आठ चौकोन मोजा आणि बेरजेला २५ ने गुणा. उलट ल्युकेमियात पेशी खच्चून भरलेल्या असतील तर २० मायक्रोलिटर रक्त १.९८ मिली फ्लुइडमध्ये, म्हणजे १:१००, आणि गुणिले २५०.

डीसीसाठी मात्र टर्क चालत नाही, त्यात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ओळखूच येत नाही, स्मिअरच, म्हणजे स्लाइडवर पसरलेला रक्ताचा थर, हवा. लिशमन स्टेन अजूनही स्वस्त आणि मस्त. स्टेन ओतून २ मिनिटं, मग दुप्पट बफर, ८-१० मिनिटं. फील्ड स्टेन (ए आणि बी अशी दोन द्रावणं) त्याहून झटपट, पण मलेरियाच्या थिक स्मिअरला आधी ए मग बी, आणि थिन स्मिअरला मिथेनॉलने फिक्स करून आधी बी म्हणजे इओसिन, मग ए. खरी डोकेदुखी पाण्याची. बोअरच्या पाण्याने धुतलं की सगळं निळंशार होतं, लाल पेशीसुद्धा, कारण पाणी अल्कलाइन. ६.८ पीएचच्या बफर गोळ्या फार महाग नसतात, त्या घ्याच. कोकणात पावसाळ्यात मिथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि लाल पेशींवर चकचकीत ठिपके दिसतात, तेव्हा बाटली छोटी ठेवा आणि झाकण लगेच लावा.

त्याच स्मिअरवर क्रॉसचेकही होतो. पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या भागात ४०एक्सवर १० फील्ड (एका वेळी लेन्समधून दिसतो तेवढा भाग) बघा, सरासरी गुणिले २०००. चेंबरचा काउंट ६१०० आणि स्मिअरवर फील्डला सरासरी ३ पेशी, मग जमलं. चेंबर ६१०० म्हणतोय आणि स्मिअर फील्डला ८ दाखवतोय तर डायल्यूशन परत करा.

शेवटचं, नवजात बाळ, थॅलेसेमिया, आणि विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचे पेशंट असतात तिथे न्यूक्लियसवाल्या लाल पेशी टर्कमध्ये फुटून गेल्या तरी न्यूक्लियस उरतो आणि तो पांढरी पेशी म्हणून मोजला जातो. डीसी करताना १०० पांढऱ्यांमागे त्या किती दिसतात ते लिहून ठेवा. काउंट १५००० आणि त्या २५ असतील तर १५००० गुणिले १००, भागिले १२५, म्हणजे १२०००. रिपोर्टवर हा आकडा लिहायचा आणि बाजूला करेक्टेड असा शेरा टाकायचा.