वजनकाटा हवा की घड्याळ? डाएट ॲप आणि अपॉइंटमेंट सॉफ्टवेअर घेताना या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोडला नवं डाएट क्लिनिक किंवा योगा स्टुडिओ उघडणार असला की मला फोन येतो, "मॅडम, हेल्दीफायमी बरं की कॅलेंडली?" हा प्रश्न म्हणजे वजनकाटा घेऊ की घड्याळ, असं विचारण्यासारखं आहे. हेल्दीफायमी, मायफिटनेसपॅल, क्रोनोमीटर ही खाल्लेलं मोजतात. कॅलेंडली, फ्रेशा, झेनोटी ही वेळ राखतात. दोन्हींची तुलना करायचीच असेल तर आपल्याकडची माणसं कुठे गळतात ते आधी बघावं लागतं. मी आहारतज्ज्ञ म्हणून नाशिकमध्ये बारा वर्षं काम करते आहे आणि त्याच त्या चुका बघून आता लिहायला बसले आहे.

एकाकडून दुसऱ्याचं काम करून घेणं

चार वर्षांपूर्वी मी एका आहार ॲपचा वर्षाचा प्लॅन घेतला. त्यात 'शेड्यूल' असं बटण होतं, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर घेतलं नाही. ते बटण फक्त नोंद करायचं. ती वेळ आधी कुणाला दिली आहे का, हे ते तपासतच नव्हतं. रिसेप्शनवरची मुलगी रजिस्टरमध्ये लिहायची आणि मी मोबाइलवर. एका गुरुवारी संध्याकाळी सातला तीन जण समोर आले. त्यात सिन्नरहून एसटीने आलेल्या एक आजी होत्या, मधुमेहाच्या, सोबत मुलगा. पाऊण तास बसल्या. मुलगा शेवटी म्हणाला, "मॅडम, आईची जेवायची वेळ टळतेय, आम्ही निघतो." मधुमेहाच्या बाईचं जेवण आहारतज्ज्ञाच्या दारात लांबलं, ही गोष्ट मला आजही टोचते. ते दोघं परत आले नाहीत, आणि त्यांनी यावं तरी का?

तेव्हापासून कुठल्याही सॉफ्टवेअरची मी एकच परीक्षा घेते. दोन फोन, दोन नावं, एकच वेळ. दोन्ही फोनवर 'कन्फर्म' आलं, तर ते अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर नव्हे, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. आणि रजिस्टर त्याच दिवशी बंद करायचं. 'सवय होईपर्यंत दोन्ही ठेवू' म्हणणाऱ्यांकडे दोन्हीही नीट भरलेलं मी पाहिलेलं नाही.

उलटी चूकही तेवढीच दिसते. इंदिरानगरच्या एका स्टुडिओने महागडं बुकिंग सॉफ्टवेअर घेतलं आणि लोकांचा आहार त्यातल्या 'नोट्स'च्या रकान्यात भरत बसले. 'सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या' यांची बेरीज कोण करणार? आठवड्याचा आलेख तर दूरच राहिला.

नवीन माणसाला मी सांगते, महिनाभर काहीही विकत घेऊ नका. वहीत दोन रकाने करा. वेळ घेऊन आलेच नाहीत ते एकात, नेमाने येतात पण फरक पडत नाही ते दुसऱ्यात. पहिला रकाना भरला तर अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर घ्या, दुसरा भरला तर आहाराचं ॲप. एवढाही धीर नसलेले लोक वर्षाचे पैसे आधी भरतात आणि तिसऱ्या महिन्यात मला फोन करतात.

ॲपने सांगितलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास

अंबड एमआयडीसीतले एक दादा तीन महिने माझ्याकडे येत होते. ॲपमध्ये रोज 1500 कॅलरी, एकही दिवस चुकलेला नाही, आणि वजन हललेलं नाही. "मॅडम, तुम्ही सांगितलं तेवढंच खातो हो." माणूस खरं बोलत होता. मी त्यांना घरचा काटा घेऊन बोलावलं आणि जेवण कसं भरता ते करून दाखवायला सांगितलं.

ते कच्चा तांदूळ 60 ग्रॅम मोजत होते आणि ॲपमध्ये 'शिजलेला भात, 60 ग्रॅम' निवडत होते. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 350 कॅलरी असतात, तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात 130 च्या आसपास, कारण बाकीचं पाणी. म्हणजे एका जेवणात 210 खाऊन नोंद 78 ची. दोन वेळचा भात, रोज अडीचशेहून जास्त कॅलरी गायब.

मग वहिनींना विचारलं, महिन्याला तेल किती लागतं? चार माणसांत चार लिटर. माणशी एक लिटर म्हणजे दिवसाला साधारण 275 कॅलरी, आणि त्यातला थेंबही ॲपमध्ये नव्हता, कारण भाजी 'मिक्स व्हेज, 1 वाटी' अशी भरलेली. यात ॲपचा दोष नाही. नुसत्या यादीतून नाव निवडलं की त्याला आपल्या घरची फोडणी कळणार कशी? रविवारच्या मिसळीवरची तर्री कुठे जास्त, कुठे कमी, आणि ॲपमध्ये मात्र 'मिसळपाव, 1 प्लेट' एवढंच, तेही बऱ्याचदा कुणा वापरणाऱ्यानेच टाकलेलं.

माझी सवय सांगते. पहिल्या भेटीत मी ॲप उघडूच देत नाही. घरची वाटी काट्यावर ठेवून त्यात भात, वरण, भाजी किती ग्रॅम बसते ते लिहून आणायचं. तेल महिन्याच्या पिशव्यांवरून. शेंगदाण्याचं कूट वेगळं मोजायचं, कारण 30 ग्रॅम कुटात 170 कॅलरी असतात आणि आपण ते भाजीत, कोशिंबिरीत, उपासाच्या खिचडीत सहज घालतो. शंका आली तर मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017 ची तक्ते-पुस्तिका उघडते. त्यात 528 भारतीय अन्नपदार्थांचं पृथक्करण आहे. जेवणाचा फोटो काढून कॅलरी सांगणाऱ्या सोयीवर मी काम करत नाही. फोटोत तेल मोजता येत नाही.

नाशिकचं वेळापत्रक सॉफ्टवेअरला न सांगणं

'दर मंगळवारी सहा वाजता' असं बुकिंग एकदाच लावून मोकळं होणं सगळ्यांना आवडतं. पण सातपूर-अंबडचा कामगार या आठवड्यात फर्स्ट शिफ्टला असतो, पुढच्या आठवड्यात सेकंडला. मी शिफ्टवाल्यांची पुढची वेळ ते समोर असतानाच, त्यांचा शिफ्टचा कागद बघून घेते. निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना ऑक्टोबर छाटणीत आणि द्राक्षाच्या हंगामात बोलवायचंच नाही, फोनवर बोलायचं. दसरा, दिवाळी, गुढीपाडव्याच्या सुट्ट्या परदेशी सॉफ्टवेअरमध्ये आहेत का ते बघा, नसतील तर आपल्यालाच हाताने भराव्या लागतात.

बाकीच्या चुका थोडक्यात :

पहिली भेट आणि फॉलो-अप यांना एकच वेळ देणं. मी पहिल्या भेटीला 60 मिनिटं, फॉलो-अपला 20 आणि मध्ये 10 मोकळी ठेवते.

आठवणीचा मेसेज जात नाही म्हणून कंपनीला दोष देण्याआधी नंबरापुढे +91 आहे का बघा, आणि टाइम झोन भारताचा आहे का तेही. ॲपची सूचना येत नसेल तर फोनचं बॅटरी सेव्हर तपासा.

फुकट सोयीवर अख्खं काम उभं करणं. मायफिटनेसपॅलचं बारकोड स्कॅन आधी फुकट होतं, 2022 मध्ये ते पैसे भरणाऱ्यांपुरतं झालं.

सगळीकडे एकच पासवर्ड. त्याच मायफिटनेसपॅलच्या सुमारे 15 कोटी खात्यांची माहिती 2018 मध्ये चोरीला गेली होती. तुमच्या खात्यात तर दुसऱ्यांचे आजार लिहिलेले असतात.

लोकांचं वजन आणि रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. प्रोत्साहन मिळतं म्हणून करतात, मला ते अजिबात मान्य नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा स्पष्ट संमतीचं बोलतो. कायदा नसता तरी मी ते केलं नसतं.

प्लॅन बंद करताना आधी माहिती उतरवून न घेणं. उतरवलेली सीएसव्ही फाईल (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात आणि लोक घाबरून फाईल पुसून टाकतात. पुसू नका, नावं बहुधा आत शाबूत असतात. एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून फाईल आत घेताना यूटीएफ-8 (मराठी अक्षरं नीट दाखवणारी पद्धत) निवडा, किंवा सरळ गुगल शीट्समध्ये उघडा. हे सगळं प्लॅन चालू असतानाच करून बघा, म्हणजे काही राहिलं तर परत उतरवता येईल.