मामा तलावाची पाहणी: बेशरम मोजा, पण देवधानही लिहा

नववीच्या मुलांना तलावावर नेऊन नुसतं "बाहेरून आलेल्या वनस्पती शोधा" म्हटलं, तर ती बेशरमकडे (काठावर माजणाऱ्या परक्या झुडपाकडे) बोट दाखवतात, जलपर्णीचा फोटो काढतात आणि अर्ध्या तासात वही मिटतात. त्यातून हाती काही लागत नाही. आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी (मामा) तलावांत, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या तलावांत, देवधान (जंगली भात), कमळ, पोयणा (कमळासारखीच एक पाणवनस्पती), शिंगाडा अजून कुठे कुठे तग धरून आहेत. त्यांची नोंदही त्याच कागदावर हवी. नाहीतर उद्या सफाईला जेसीबी येतो आणि बेशरमसोबत देवधानही उपसून जातं.

पाहणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी करा. तेव्हा बरीच झाडं फुलावर असतात आणि ओळख सोपी जाते. जमलं तर मार्चमध्ये पुन्हा जा. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात बेशरम किती आत सरकली, ते तेव्हाच कळतं.

सामान साधं आहे: मोजपट्टी, सुतळी, पेन्सिल (शाईचं लिखाण ओलं झालं की फिसकटतं) आणि पाइपचे तुकडे जोडून केलेली एक मीटर लांब-रुंद चौकट. चौकटीत दर दहा सेंटिमीटरवर उभी-आडवी सुतळी बांधा. शंभर घरं तयार होतात, म्हणजे एक घर एक टक्का. मुलांना अंदाज बांधायला सांगू नका, घरं मोजायला सांगा. पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) काठाकाठाने चाला, दर वीस पावलांवर चौकट टाका आणि तिच्यात दिसेल ते लिहा. जागा आधी ठरलेली हवी. झाड दिसलं म्हणून तिथे चौकट टाकली तर सगळा हिशेब खोटा ठरतो. चौकटीत एकही परकी वनस्पती नसेल तर शून्य लिहा, ती ओळ गाळू नका.

ओळखीवर मात्र भरपूर वेळ द्या. बेशरम आणि नाळीची भाजी एकाच कुळातल्या, दोघींची फुलं भोंग्यासारखी, फिकट गुलाबी. पण नाळीची भाजी पाण्यावर किंवा चिखलात पसरते, तिचा देठ पोकळ, पानं बहुधा बाणाच्या टोकासारखी, आणि लोक ती आवडीने खातात. बेशरम झुडपासारखी उभी, माणसाच्या उंचीच्याही वर जाते, पान लांबट हृदयाच्या आकाराचं, मोडलं की पांढरा चीक येतो. ती गुरांना विषारी आहे. तुटलेली फांदी ओल्या मातीत पडली तरी मूळ धरते, म्हणून पाहणीच्या दिवशी मुलांना काही उपटू देऊ नका.

जलपर्णी ओळखायला देठ पाहा: फुगीर, आत स्पंजासारखा. जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो. तिचं बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एकदा काढून भागत नाही. पाण्यातला पसारा पाळीवरूनच पाहून नकाशावर रंगवा. मुलांनी पाण्यात उतरायचं नाही, ही अट पक्की.

पाळीवर गाजर गवत आणि घाणेरी भेटतील. गाजर गवताने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेतच. दमा असलेल्या मुलाला तिकडे न पाठवता नोंदवहीवर बसवा.

गावातल्या ढिवर (मासेमारी करणाऱ्या) मंडळींना मुलांसमोर बसवून विचारा: कमळ कुठपर्यंत होतं, पोयणा केव्हा कमी झाला, जाळं कुठे अडकतं? मासे अंडी कुठे घालतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि आपल्या चौकटी त्या जागा पकडू शकत नाहीत. त्यांनी सांगितलेलं वेगळ्या रंगाने नकाशावर घाला.

निघण्यापूर्वी चपला, चौकट, सुतळी सगळं तिथेच काठावर धुऊन झटका. जलपर्णीचं एखादं रोपटं किंवा चिखलातलं बी अडकून दुसऱ्या तलावावर गेलं तर पाहणीनेच तण पसरतं. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक मच्छीमार संस्थेला द्या, तीही सफाईचं काम ठरण्याआधी. जिथे देवधान आणि कमळ आहे तो भाग लाल रेघेने वेगळा दाखवा आणि तिथे यंत्र नको, तण हाताने काढा, असं शेजारीच लिहा.