रेसिंग कारचं चित्र: गाडी पळताना दिसली पाहिजे

बरेच जण गाडी अगदी नटबोल्टसकट काढतात आणि शेवटी मागे चार पांढऱ्या रेघा ओढतात, मग ती शोरूमच्या कॅलेंडरवरची गाडी वाटते. वेग आधी ठरवायचा, गाडी नंतर.

आपण 1957 ची जर्मन ग्रां प्री ही शर्यत घेऊ. नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर फांजियो या ड्रायव्हरची मासेराती 250एफ गाडी, पिटमध्ये (टायर-पेट्रोलसाठी थांबायची जागा) वेळ गेला आणि पठ्ठ्याने शेवटून दुसऱ्या लॅपला पुढच्या दोन्ही फेरारी गाड्या गाठल्या. त्या जुन्या गाड्यांची चाकं उघडी, ड्रायव्हरचे हात-खांदे बाहेर, त्यामुळे ड्रामा अर्धा तिथेच मिळतो. गोची एकच, दोन्ही कंपन्या इटालियन आणि तेव्हा इटलीचा रेसिंगचा रंग लाल, म्हणून या सगळ्या गाड्या लाल! तेव्हा मासेराती उजळ लाल ठेवा आणि फेरारीच्या लालमध्ये थोडा निळा मिसळून ती मळकट करा.

क्षण वळणावरचा निवडा, सरळ रस्त्यावरचा नको. नजर गुडघ्याच्या उंचीवर आणि क्षितिज जरासं कललेलं, जास्त कललं तर गाडी घसरून कागदाबाहेर जाईल असं वाटतं. गाडी चारही चाकांवर सरकतेय, म्हणजे नाक वळणाच्या आत पण पुढची चाकं जवळपास सरळ किंवा किंचित उलटी. ही एक गोष्ट जमली की निम्मं काम झालं.

आता ब्लर, इथेच सगळे गडबडतात. आपली नजर गाडीबरोबर फिरतेय असं धरलं तर गाडी स्पष्ट, झाडं पुसट आणि चाकाच्या तारा काढायच्याच नाहीत, ओला राखाडी रंग गोल फिरवायचा. नजर स्थिर धरली तर उलटं, झाडं स्पष्ट आणि गाडी पुसट, त्यातही चाकाचा वरचा भाग जास्त, कारण तो गाडीच्या दुप्पट वेगाने जातो आणि रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो. दोन्हीपैकी एकच घ्या. फ्रेंच फोटोग्राफर लार्तीगच्या रेसिंग कारच्या प्रसिद्ध जुन्या फोटोत चाक पुढे झुकलंय आणि प्रेक्षक उलट्या बाजूला, पण ती कॅमेऱ्याच्या शटरची करामत. चाक तसं जरासं झुकवून बघा, मस्त दिसतं.

झाडांसाठी चपटा, जवळपास कोरडा ब्रश, रस्त्याच्या दिशेने ओढायचा, जवळ लांब फटकारे आणि दूर आखूड. खोडं मोजत बसू नका. गाडीची पुढची कड धारदार, मागची बोटाने पुसलेली. शेवटी गाडीखालची गडद सावली, मागच्या टायरची धूळ आणि गॉगलवर पांढरा ठिपका, एकच.

आणि सही गाडीच्या पुढ्यात नको, ती जागा मोकळी सोडा.