कर्करुग्ण दाखल होताना प्रतिरोधक जिवाणूंची तपासणी कशी करावी

सोलापुरात केमोथेरपीसाठी दाखल होणारा रुग्ण रुग्णालयाची पायरी सहसा पहिल्यांदा चढत नसतो. अक्कलकोट, मंगळवेढा किंवा सीमेपलीकडच्या विजयपूरकडून येणाऱ्या रुग्णाने त्याआधी गावच्या दवाखान्यात सलाईन, शहरात शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकांचे दोन-चार कोर्स घेतलेले असतात, आणि एवढ्या काळात मेरोपेनेमसारख्या राखीव औषधालाही न जुमानणारे जिवाणू त्याच्या आतड्यात मुक्कामाला आलेले असू शकतात. एरवी ते निरुपद्रवी राहतात. पण केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या आणि आतड्याचे अस्तर दुखावले की तेच रक्तात उतरतात.

म्हणून दाखल होताच, शक्यतो पहिल्या 24 तासांत आणि नवे प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी, नमुना घ्यावा. सोबत जुनी फाइल आणि औषधांच्या चिठ्ठ्या मागून पाहाव्यात, कारण ‘ताप आला, इंजेक्शन दिलं’ यापलीकडचे नातेवाइकांना क्वचितच आठवते.

कार्बापेनेम-प्रतिरोधक, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातील औषधांना न जुमानणाऱ्या, जिवाणूंसाठी गुदमार्गाचा स्वॅब (कापूस लावलेली काडी) घेतात, तर एमआरएसएसाठी (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जिवाणू) दोन्ही नाकपुड्यांतून एकच स्वॅब फिरवतात. गुदमार्गाचा स्वॅब निर्जंतुक सलाईनने ओला करून हलक्या हाताने फिरवावा. कापसावर विष्ठेचा रंग दिसला नाही तर नमुना पुन्हा घ्यावा, नाहीतर अहवाल खोटा दिलासा देतो. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर घन मिलिमीटरला 500 च्या खाली असतील किंवा प्लेटलेट फार कमी असतील, तर आत काहीही न घालता शौचाचाच नमुना घेणे सुरक्षित. वृद्ध रुग्णाला आधी सांगावे: ‘आजी, ही कॅन्सरची तपासणी नाही. पोटातले जंतू औषधाला दाद देतील का, एवढंच बघायचंय.’ एप्रिल-मेमध्ये येथील पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे नमुना ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये (जिवाणू टिकवून ठेवणाऱ्या माध्यमात) घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. खिडकीपाशी ट्रेमध्ये पडून राहू देऊ नये.

कल्चरच्या (जिवाणू वाढवून पाहण्याच्या) अहवालाला साधारण दोन दिवस लागतात, पीसीआर या जनुकीय चाचणीने काही तासांत प्रतिरोध देणारे जनुक कळते.

अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे संसर्ग झाला असे नाही, आणि तेवढ्यासाठी प्रतिजैविक देऊ नये. त्याने जिवाणू हटत नाहीत, उलट उरलेले चांगले जंतू मरतात. केमोथेरपीही केवळ या कारणाने लांबवू नये. करायचे ते वेगळेच: स्वतंत्र खोली किंवा निदान स्वतंत्र शौचालय, रुग्णाजवळ जाताना हातमोजे व गाऊन, त्याचाच थर्मामीटर आणि बीपीचा पट्टा, आणि प्रत्येक स्पर्शानंतर हातांची स्वच्छता. नातेवाइकांनी घरून आणलेली चादर शेजारच्या खाटेवर जाणार नाही, याकडे आपल्या वॉर्डांत खास लक्ष ठेवावे लागते.

या अहवालाचा खरा उपयोग रात्री दोन वाजता होतो. न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णाला 38.3 अंश सेल्सिअस ताप आला की ब्लड कल्चर घेऊन तासाभरात प्रतिजैविक द्यावे लागते, आणि ते कोणते, हे ड्युटीवरील निवासी डॉक्टरला तेव्हाच ठरवायचे असते. भारतात बऱ्याचदा आढळणारे एनडीएम जनुक (कार्बापेनेम निकामी करणारे) असेल, तर सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम हे प्रतिजैविक एकटे चालत नाही, जोडीला अॅझ्ट्रिओनॅम हे दुसरे प्रतिजैविक लागते. म्हणून निष्कर्ष फाइलच्या पहिल्याच पानावर, ठळक लिहावा.

निगेटिव्ह रुग्णाचा मुक्काम लांबला तर तपासणी दर आठवड्याला पुन्हा करावी. रुग्णाला बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलकडे किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे पाठवताना, जिवाणूचे नाव, जनुक आणि नमुन्याची तारीख या तिन्ही गोष्टी रेफरल पत्रात लिहाव्यात.