सफरचंदाची खीर फाटते, शेक कडू होतो, फोडी काळ्या पडतात? फळं वापरताना या चुका टाळा

भाद्रपद आला की आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमधली आम्ही चार घरं मिळून तुर्भ्याच्या फ्रूट मार्केटमधून सफरचंदाची पेटी आणतो, कारण त्या दिवसांत हिमाचल-काश्मीरचा ताजा माल आलेला असतो आणि वाटून घेतलं की परवडतं पण. मग चारही घरांत खीर, शेक, जॅम असं सगळं सुरू होतं आणि दोन दिवसांत कोणीतरी पातेलं हातात घेऊनच दारात उभं राहतं, की अहो हे बघा ना, फाटलं. फळ वाया गेलं की मला खरंच वाईट वाटतं, आणि बहुतेक वेळा फळ चांगलंच असतं, आपण ते चुकीच्या वेळेला घातलेलं असतं.

सगळ्यात आधी खीर, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. गौरीच्या जेवणाला माझीच एकदा दीड लिटर दुधाची खीर फाटली होती, पाहुणे यायला दोन तास होते आणि मी कच्चं सफरचंद किसून थेट उकळत्या दुधात घातलं होतं. सफरचंद कितीही गोड लागलं तरी त्यात मॅलिक अ‍ॅसिड असतंच, आणि गरम दुधाला थोडासा आंबटपणा पण पुरतो, त्यात पावसाळ्यात सकाळपासून ओट्यावर राहिलेलं दूध आधीच जरा उतरलेलं असतं. आता मी असं करते: एक लिटर फुल क्रीम दूध निम्मं होईपर्यंत आटवायचं, साखर घालायची, गॅस बंद. दुसरीकडे दोन मध्यम सफरचंदं सोलून किसायची, किस लगेच चमचाभर तुपावर टाकायचा आणि दोन-तीन चमचे साखर घालून पाणी पूर्ण सुटून आटेपर्यंत परतायचा. मग दोन्ही गार होऊ द्यायचं, कोमट नाही, गार, आणि तेव्हाच एकत्र करायचं आणि एकदा एकत्र केलं की परत गॅसवर ठेवायचं नाही, गरम खीर हवी असेल तर दुसरी कुठली तरी करा. आणि फाटलीच तर टाकून देऊ नका, जाड बुडाच्या कढईत तशीच आटवा, थोडी साखर आणि वेलची घाला, कलाकंदासारखी वडी होते, सफरचंदाची चव छान लागते. मी त्या दिवशी तेच केलं आणि ताटात वडी वाढली.

सीताफळाचं मात्र उलटं आहे. सफरचंद शिजवून घालायचं, सीताफळ शिजवायचंच नाही, त्याचा गर गरम केला की कडवट होतो. बासुंदी फ्रिजमध्ये गार करायची आणि वाढायच्या आधी गर मिसळायचा, बस.

आता अननस आणि किवी. लोकांना वाटतं दूध फक्त आंबटपणामुळे बिघडतं, पण अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, किवीत अ‍ॅक्टिनिडिन, ही दुधातली प्रथिनं तोडतात आणि म्हणून शेक केल्यावर पहिला घोट चांगला लागतो आणि थोड्या वेळाने तोच ग्लास कडू. (मटणाला कच्ची पपई लावतो ना, तेच काम पपईतलं पपेन करतं, पपई पिकल्यावर ते कमी होतं पण पपईचा शेक तरी केल्या केल्या प्यावा.) फ्रूट कस्टर्डमध्ये कच्चा, म्हणजे न शिजवलेला अननस घालणं ही मी सगळ्यात जास्त घरांत बघितलेली चूक आहे, रात्री घट्ट झालेलं कस्टर्ड सकाळी पातळ आणि कडू. उपाय सोपा आहे, अननसाच्या फोडी थोड्या साखरेसोबत पाच-सात मिनिटं चांगल्या उकळून गार करा, उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं, डब्यातला अननस चालतो तो पण याचमुळे. अननसाच्या शिऱ्यात सुद्धा दूध घालणार असाल तर फोडी आधी साखरेत शिजवलेल्या हव्यात. जिलेटिनची जेली पण कच्च्या अननसाने सेट होत नाही, तिथे चायना ग्रास वापरा, ते प्रोटीन नसतं त्यामुळे ब्रोमेलेन त्याला काही करू शकत नाही.

फोडी काळ्या पडणं यात घाबरण्यासारखं काही नाही, कापल्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे आणि फळातल्या एन्झाइममुळे तसं होतं. डब्यात द्यायच्या असतील तर एक लिटर पाण्यात अर्धा टीस्पून मीठ, त्यात फोडी पाच ते दहा मिनिटं, मग साध्या पाण्यातून काढून कोरड्या करायच्या, खारट लागत नाहीत. लिंबू लावलं तरी चालतं पण मुलं आंबट लागतं म्हणून डबा परत आणतात. ज्यूसला मात्र लिंबूच हवं, आणि ते मिक्सर फिरवायच्या आधी भांड्यात पिळायचं, लोक ज्यूस तपकिरी झाल्यावर पिळतात तेव्हा उशीर झालेला असतो. बिया काढाच, वाटल्या गेल्या की कडवट लागतात आणि त्या खायच्याही नसतात.

मोसंबी सोलून मिक्सरला फिरवत असाल तर पांढरी साल आणि बी दोन्ही काढून टाका. शिवाय मोसंबीचा रस काढून ठेवला की त्यातल्या लिमोनिन नावाच्या घटकामुळे कडूपणा वाढत जातो, सकाळी काढून संध्याकाळी पाहुण्यांना द्यायचा हा प्लॅन करू नका. डाळिंब पण एकसारखं फिरवायचं नाही, दोन-तीन झटके देऊन गाळायचं, दाण्यातली बी फुटली की तोंड तुरट होतं.

मॉकटेल करताना थंड सोड्यात साखर घालून ढवळत बसतात, साखर विरघळत नाही आणि गॅस मात्र निघून जातो. एक वाटी साखर एक वाटी पाण्यात गरम करून पाक गार करून बाटलीत ठेवा. आधी फळाचा रस, मग पाक, मग बर्फ आणि सोडा सगळ्यात शेवटी, तोही फ्रिजमधला कडक गार, आणि चमचा एकदाच खालून वर फिरवायचा. नवी मुंबईच्या मे महिन्यात साधा बर्फ पाच मिनिटांत पाणी होतो, म्हणून मी रसाचेच क्यूब करून ठेवते.

कोकम घालणार असाल तर बाटली नीट बघा. आगळ बिनसाखरेचं आणि खारट असतं, ते सोलकढीचं, आणि अमृत कोकम गोड सरबताचं. शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाला मोठं भांडंभर सफरचंद-कोकम केलं आणि त्यात चुकून आगळ पडलं, तेव्हा आम्ही त्यात अजून सफरचंदाचा रस, पाक आणि जिरेपूड घालून ते छोट्या कपांत चटपटीत म्हणून दिलं आणि संपलं सगळं. मी करते त्याचं माप एका ग्लासाला असं आहे: गाळलेला सफरचंदाचा रस अर्धा ग्लास, अमृत कोकम दोन टेबलस्पून, चिमूट काळं मीठ, वरून सोडा.

जॅम घट्ट होत नसेल तर साली आणि मधला गाभा (बिया काढून) मलमलच्या पुरचुंडीत बांधून त्यासोबत उकळा, जॅम घट्ट करणारं पेक्टिन तिथेच जास्त असतं, आणि लिंबू विसरू नका. साखर अर्धी करून केलेला जॅम घट्ट होत नाही आणि टिकतही नाही, गोड कमी हवं असेल तर कमी खा पण माप तेच ठेवा. पिठूळ झालेली सफरचंदं पण जॅममध्येच घाला, ज्यूसला ती नकोत, नुसता चोथा होतो.

आणि उरलेली पेटी पालक-कोथिंबिरीच्या शेजारी ठेवू नका, सफरचंदातून इथिलीन वायू निघतो आणि पानं पिवळी पडतात. कच्चे चिकू घरी असतील तर मात्र एक सफरचंद त्यांच्यासोबत कागदी पिशवीत टाका, त्याच वायूने ते लवकर पिकतात.